पावणेचार अँपियर

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो बुवा एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाटाचं एक दार मोडलं आणि माझं डोकं फिरवलं, पण बाकी सामान धड पोचलं. घर बघून सगळा शीण गेला. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, पुढे दगडी पायऱ्या आणि घराला लागूनच गाडीसाठी पक्की शेड. आजवर आमची गाडी रस्त्यावर उन्हात करपायची, इथे तिला स्वतःची खोली मिळाली. बाबा म्हणाले, गाडीला चांगलं स्थळ मिळालं बघ, आता तुझं तेवढं राहिलं. मी एक्केचाळीसचा झालो तरी हा विषय ते सोडत नाहीत.

घर चढावर आहे, गाव खाली. पायी पाऊण तास, गाडीने दहा मिनिटं. बाबांना हा चढ झेपणारच नाही. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला. काडेपेटीपेक्षा लहान डबी आणि तिच्यातून हृदयात गेलेल्या दोन तारा. त्यांचं हृदय आता स्वतःच्या जोरावर धड चालत नाही, मध्येच विसरतं. डबी त्याला मिनिटाला साठ ठोक्यांच्या खाली जाऊ देत नाही. डबीची बॅटरी अजून नऊ वर्षं जाईल असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, त्यामुळे त्या बाजूने मी निर्धास्त आहे. माझा नियम एकच: दारात गाडी तयार हवी. कधी वेळ आली तर दहा मिनिटांत बाबा दवाखान्यात पोचले पाहिजेत.

उद्यापासून नवी नोकरी, वीजमीटर तपासण्याच्या प्रयोगशाळेत. काम तेच, लोकांच्या मीटरवर अविश्वास दाखवायचा. बाबांना शेडच्या भिंतीलगतची खोली दिली, ती उबदार वाटली. ते आत्ता तिथे घोरतायत आणि मी पायरीवर बसून हे लिहितोय. बरं वाटतंय.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी किल्ली फिरवली तर गाडीने नुसतं ‘टक्’ केलं. दिवे नाहीत, हॉर्न नाही. काल संध्याकाळी ठणठणीत होती! मी दोनदा बॉनेट आपटलं, त्याने काय होणार होतं कोण जाणे. चढावर गाडी आहे हे नशीब. ढकलली, उतारावर चालू केली, तरी प्रयोगशाळेत अर्धा तास उशिरा. नव्या नोकरीच्या तिसऱ्या दिवशी उशीर! साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

खालच्या गॅरेजचा मेस्त्री म्हणाला, बॅटरी म्हातारी झाली आणि गारठाही पडलाय, बदलून टाका. बदलली. नवीकोरी. प्रश्न मिटला.

११ नोव्हेंबर, सोमवार

कसला मिटतोय! नवी बॅटरी, चार दिवसांत दोनदा मेली. आणि आज मुहूर्त बघून मेली, बाबांना इथल्या हार्टच्या दवाखान्यात पहिल्यांदा दाखवायचं होतं त्याच सकाळी. एकट्याने ढकलताना कंबर धरली, गाडी शेडच्या उंबऱ्यावर अडकली ती अडकलीच. फोन करून तारीख बदलून घ्यावी लागली. आता पंचवीस तारीख. बाबा तयार होऊन, केस चापून, दीड तास खुर्चीत बसले होते. म्हणाले, जाऊ दे रे, मला काय धाड भरलीय. मला मात्र इतका संताप आला की चहाचा कप धुता धुता फुटला.

मेस्त्रीला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, बंद गाडीत काहीतरी करंट खातंय, उद्या आणा, शोधू.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मेस्त्रीकडे कशाला? करंट मोजणं हा माझा धंदा आहे. रजा टाकली आणि शेडमध्येच बसलो.

पद्धत साधी आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, तार आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडायचा. दाराची कडी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून ठेवायची, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलं. मग वीस मिनिटं शांत बसायचं. गाडी झोपते. झोपलेली गाडी फार तर चाळीस-पन्नास मिलिअँपियर घेते, घड्याळाला आणि चोरघंटीला लागतो तेवढाच. त्याहून जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्याच्या घरात.

माझ्या मीटरवर पावणेचार अँपियर. म्हणजे रात्रभर एक हेडलाइट जळत ठेवण्यासारखं! रेडिओचा फ्यूज काढला, पावणेचार. डिकीचा दिवा, काचा, सेंट्रल लॉक, पंखा. पावणेचार, पावणेचार. बाबा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. ते तरुणपणी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळे चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधण्यावर त्यांचा फार विश्वास. म्हणाले, एखादा राहिला असेल बघ. एकही राहिला नव्हता. चौतीस फ्यूज बाहेर काढून ओळीने वर्तमानपत्रावर मांडले होते आणि आकडा हलला नव्हता.

शेवटी हात टेकले. उद्या गाडी ढकलून मेस्त्रीकडे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस दोन रात्री गाडी मेस्त्रीच्या अंगणात उभी. बॅटरी जशीच्या तशी. तीस मिलिअँपियर! त्याने माझ्यासमोर, माझ्याच मीटरने मोजून दाखवलं. तोंडात मारल्यासारखं झालं. वर तो म्हणतो, गाडीत काही नाही साहेब, तुम्हीच घरी काहीतरी चालू ठेवत असणार. आम्ही दोघं गल्लीत उभं राहून एकमेकांना शहाणपणा शिकवत होतो आणि लोक बघत होते.

घरी आणली. बाबांच्या खोलीतलं घड्याळ थांबलेलं होतं, सेल बदलला. शेडमध्ये लावली. वीस मिनिटं थांबलो. पावणेचार.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मेलीच होती, सांगायला नकोच.

शेजारी एकच घर आहे, तिथे एक मावशी एकट्या राहतात. सत्तरीच्या असतील, काटक. त्यांच्याकडे फोन नाही, टीव्ही नाही, चावीचं घड्याळ आहे. माझी धडपड त्या कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, आधीचे भाडेकरू शेडमध्ये एक जुनी ट्रकची बॅटरी तारा लावून ठेवायचे, दर आठवड्याला बदलायचे आणि गाडी खाली गावात लावायचे. मांजरासाठी वाटीत दूध ठेवावं, तशी. मी विचारलं, कशासाठी? त्या म्हणाल्या, कशासाठी ते मी कधी विचारलं नाही, पण त्यांचं घर नीट चालायचं.

मी हसलो. बाबा हसले नाहीत, पण त्यांना मावशींचं बोलणं आवडलं. संध्याकाळी कुंपणाशी गप्पा मारत बसले होते दोघं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज शेवटचं टोक गाठायचं ठरवलं. प्रयोगशाळेतला प्रमाणित मीटर घरी आणला, परवानगी न घेता, हे इथेच राहू दे. फ्यूज सगळे बाहेर. अल्टरनेटरची तार सोडवली. स्टार्टरचीही सोडवली. बॉडीला जाणारी तार सोडवली. आता बॅटरीला दोन तारा लावलेल्या, मध्ये मीटर आणि पुढे तारांची टोकं हवेत लोंबकळतायत. कशालाही जोडलेली नाहीत.

पावणेचार अँपियर.

दुसरा मीटर लावला. पावणेचार. मी तिथेच फरशीवर बसलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असं बघितलेलं नाही. हे होऊच शकत नाही. करंटला जायला रस्ताच नाही! तार बॅटरीवरून काढली की शून्य, लावली की पावणेचार. म्हणजे तार तेवढी हवी, पुढे काय आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. नसू दे कारण! मला गाडी चालू व्हायला हवी, कारण नको. सगळ्या तारा जागच्या जागी जोडल्या आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवला, लाल मुठीचा. रात्री मूठ फिरवायची, सकाळी परत फिरवायची. विषय संपला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस झाले, बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर! रोज सकाळी पहिल्या झटक्यात गाडी चालू. मी शेडच्या दारात उभं राहून शीळ घालतो. बाबा म्हणतात, सिंहगर्जना झाली का साहेब? झाली म्हटलं.

मेस्त्रीला मुद्दाम जाऊन सांगून आलो.

फक्त भिंतीवरचं घड्याळ सारखं बंद पडतंय. सेल दोनदा बदलले. बाजारात हल्ली सगळा बनावट माल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

घड्याळ परत बंद. टॉर्चही मेला, नवा होता. फोन रात्री भरलेला, सकाळी सात टक्के. बाबांच्या कानातल्या मशीनचे सेल एका दिवसात संपतात, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागतं आणि मग ते म्हणतात माझ्यावर चिडू नकोस.

बाबा दुपारी दोनदा झोपले. पायरीवर चढताना कठड्याला धरून उभे राहिले. विचारलं तर म्हणाले, वय झालं. सोमवारी दवाखाना आहेच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गाडी एका झटक्यात चालू झाली. वेळेवर पोचलो.

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या छातीवर तो चकतीसारखा सेन्सर ठेवला. पडद्यावर आकडे आले. त्यांनी सेन्सर उचलून परत ठेवला. मग बाहेरून दुसरं मशीन मागवलं. बॅटरी: चौदा महिने.

मी म्हणालो, जूनमध्ये नऊ वर्षं होती. कागद दाखवला. त्या म्हणाल्या, असं सहसा होत नाही, डबीतच दोष असेल, गुरुवारी कंपनीचा माणूस येणार आहे, तेव्हा परत तपासू, चौदा महिने म्हणजे आज घाबरण्यासारखं काही नाही. मी त्यांच्यावर चढलो. मशीनची तपासणी शेवटची कधी झाली, प्रमाणपत्र दाखवा, वगैरे. बाबांनी माझी बाही ओढली. गाडीत म्हणाले, मशीनवर रागावून माणसाची बॅटरी भरत नाही रे.

नऊ वर्षं कुठे गेली?

२६ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार

कामावर बसलो होतो. मीटरला काही केल्या लक्ष लागेना. कागदावर सहज तारखा मांडल्या. पंधराला गाडी परत आणली तेव्हा घड्याळ थांबलेलं. सतराला स्विच बसवला. अठराला घड्याळ बंद. विसाला परत. बावीसला टॉर्च. मग फोन, मग कानाचं मशीन.

घड्याळ बाबांच्या खोलीत. टॉर्च त्यांच्या उशाशी. फोन मी तिथेच ठेवतो, त्यांनी हाक मारली तर कळावी म्हणून. सगळं त्या एका भिंतीला लागून. भिंतीपलीकडे शेड.

बॅटरी आणि तिला लावलेल्या दोन तारा, शेडमध्ये जे काही आहे त्याला एवढंच लागतं. गाडीतून मी ते तोडलं. आणि बाबांच्या छातीत बॅटरी आहे, तिला दोन तारा कायमच्या जोडलेल्या आहेत, आणि तिथे स्विच नाही.

साहेबांना न सांगता निघालो.

२६, संध्याकाळ

एका रीडिंगवर निष्कर्ष काढायचा नाही. तीन घ्यायची. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

चार वाजता मूठ फिरवून बॅटरी गाडीला जोडली. पावणेचार अँपियर. घड्याळात ताजे सेल घातले, फोन भिंतीशी ठेवला.

पाच: घड्याळ चालू. फोनचे टक्के जागच्या जागी.
सहा: चालू. फोन तसाच.
सात: चालू. बाबांच्या गालावर रंग आला, भूक लागली म्हणाले.

म्हणजे खरंच. गाडी खाऊ घातली की बाबांना सोडतं. तीन रीडिंग, तिन्ही सारखी. देवा.

हिशोब: बॅटरी भरलेली आहे, पावणेचारने बारा तास. पहाटे चारपर्यंत बाबा सुरक्षित. मेस्त्रीला फोन केला, पडतं घेतलं, माफी मागितली. तो बाहेरगावी आहे, पहाटे साडेतीनला जीप घेऊन वर येतो म्हणाला; आमची गाडी तोवर शेडमध्ये जोडलेलीच राहू दे, ती काढली की ते बाबांकडे वळेल. बाबांना घेऊन ताईकडे जायचं, दूर. हे घर सोडलं.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू जेवला नाहीस.

२७ नोव्हेंबर

सकाळ. मला डुलकी लागली. घड्याळ नऊ पन्नासवर बंद — रात्रीच्या. बॅटरी मेलेली. दोन व्होल्ट. बारा तास नाही पुरली, सहासुद्धा नाही. करंट मी फक्त चारला मोजला. नंतर मोजलाच नाही. घड्याळ बघत बसलो, फोन बघत बसलो, मूर्ख! नऊ दिवस उपाशी होतं ते, पावणेचारवर कशाला थांबेल —

फोन मेला. बाबा पांढरे पडलेत. नाडी चोपन्न. साठच्या खाली जायलाच नको होती.

काल सात वाजता फोन चालू होता. गाडी चारला चालू होती. बाबांना तेव्हाच उचलून न्यायचं. मी रीडिंग घेत बसलो.

मावशी आल्या. त्यांचं चावीचं घड्याळ माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, खालच्या वळणावर एक जीप बंद पडलीय, माणूस पहाटेपासून बॉनेट उघडून फ्यूज काढतोय. मी ओरडलो, त्याला म्हणावं जीप सोड, वर ये, खुर्चीत घालून बाबांना खाली न्यायचंय. त्या पळत गेल्या. सत्तरीची बाई, पळत.

सव्वासात. एकट्याने उचलून बघितलं. तिसऱ्या पायरीवर त्यांची मान पडली. नाडी सापडेना. परत आडवं केलं, आली. हलवायचं नाही. दोघं हवेत.

सात वीस. जे मिळेल ते शेडमध्ये. टॉर्चचे सेल, रिमोटचे, चोरघंटीचे. तारा गुंडाळून भिंतीशी ठेवले. मीटरचीही बॅटरी काढली — आता मोजायला काही नाही, बोटं आणि हे घड्याळ.

नाडी बावन्न. मग सत्तावन्न! घेतंय तिकडचं. घे, घे —

सात बत्तीस. सेल थंडगार पडले. सगळे.
पन्नास.

सात पस्तीस. सेहेचाळीस. वळणावरून आवाज आला असं वाटलं. नाही.

बाबा विचारतायत किती. साठ म्हटलं. हसले. म्हणाले, खोट्या ओळी मी आयुष्यभर पकडल्यात.

बाबा, चुकलं माझं. हे तोंडाने म्हणता येत नाहीये म्हणून इथे

सात एक्केचाळीस. अडतीस. मध्ये एक चुकला. परत एक.

पावलं. खाली पावलं वाजतायत, दोघांची. वाकून बघितलं — अजून खूप खाली

बाबा, आले, आलेच ते. तेहेतीस — नाही, परत मोजतो

बाबा म्हणतायत, पुरे झालं मोजणं. वही ठेव. नुसता हात धर. मी म्हटलं, बाबा, एकच मिनिट, एवढं तिसरं रीडिंग